अक्रोडाची पानं

गेल्या वर्षी जूनमध्ये मी माझ्या गावी साडेसात तासांसाठी जाऊन आले. पन्नास वर्षांनी. तास मी ठरवले नव्हते, जहाजाने ठरवले होते.

इथे मेलबर्नला या दिवसांत पाचलाच अंधार पडतो, म्हणून दिवा लावूनच सांगायला बसले आहे. सांगण्यासारखं घडलं ते मात्र भर दुपारी, लख्ख उन्हात.

माझ्या मुलाने, लूकासने, मला सहलीच्या जहाजाचं तिकीट भेट दिलं होतं. "आई, नुसतं बसून समुद्र बघ," म्हणाला. तो इथे जन्मलेला. आमच्या ग्रीक बेटावरची माणसं समुद्र बघत बसत नाहीत, हे त्याला कोण सांगणार? जहाज कुठे कुठे थांबणार याची यादी त्याने वाचलीही नव्हती. मी भिंग लावून वाचली. ऱ्होड्सनंतर दुसऱ्या दिवशी: आस्प्रोलिमना, सकाळी आठ ते दुपारी साडेतीन. माझं गाव. आणि वार रविवार, ईस्टरनंतरचा पन्नासावा दिवस. यादी माझ्या हातातून खाली पडली.

कारण त्याच्या दोनच महिने आधी एव्दोकियाचं पत्र आलं होतं. एव्दोकिया माझी लहानपणची मैत्रीण, आईच्या शेजारीच राहायची. "कालोतिनाकाकू फेब्रुवारीत गेली, तू आली नाहीस, त्याबद्दल मी काही बोलत नाही," असं लिहून तिने पुढे चार ओळी त्याबद्दलच लिहिल्या होत्या. आणि मग: "पन्नासाव्या रविवारी ये. नोमिकोसचं नाव तुझ्या हाताने मेलेल्यांच्या चिठ्ठीत लिही. रक्ताचं आता दुसरं कुणी उरलेलं नाही. माझ्याच्याने आता सहन होत नाही."

नोमिकोस माझा भाऊ. माझ्याहून चार वर्षांनी मोठा.

आमचं सगळं गाव स्पंजावर उभं राहिलं. ईस्टर झालं की पुरुष होड्या घेऊन आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे जायचे, तळाशी बुडी मारून स्पंज काढायचे आणि ऑक्टोबरात परतायचे. जेवढे जायचे तेवढे परतायचे असं नाही. आणि आमच्याकडे मुलीच्या लग्नात तिला घर बांधून द्यायचं ते भावांनी. बहिणीचं झाल्याशिवाय भाऊ स्वतःचं लग्न करत नाही. नोमिकोसने माझ्यासाठी आमच्याच घरावर दोन खोल्या चढवल्या होत्या. छप्पर तेवढं राहिलं होतं. "हा एक मोसम, थेमेलिना," म्हणायचा, "मग तू वर आणि मी मोकळा." मोकळा म्हणजे एव्दोकियाशी लग्न करायला. तिचं नि त्याचं ठरलेलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी जेवताना त्याने मला बघायला आलेल्या मुलाची नक्कल केली. तो मुलगा औषधांच्या दुकानात कामाला होता आणि पाय जपून टाकत चालायचा. नोमिकोस टेबलाभोवती तसा चालून दाखवत होता. सगळे हसले. आईसुद्धा हसली. मी रुसले. सकाळी धक्क्यावर जाताना तो माझ्या खिडकीखाली थांबला आणि त्याने शीळ घातली. दोन आखूड, एक लांब. ती आमची शीळ होती. घरी आला की तो ती घालायचा आणि मी खिडकी उघडायची. मी खिडकीच्या झडपेमागे उभी होते. फटीतून त्याची सावली दिसत होती. त्याने तीनदा शीळ घातली. मी उघडली नाही. म्हटलं, ऑक्टोबरात बघून घेईन त्याला.

आफ्रिकेत, डेर्नाच्या किनाऱ्यापाशी त्याच्या तोंडातली हवेची नळी वर आली. तो आला नाही. त्याचं प्रेतही मिळालं नाही.

पुढच्या वर्षी मी ऑस्ट्रेलियाला निघून आले. बिनछपराच्या त्या खोल्या मला बघवत नव्हत्या. कधीतरी आईला फोन करायची. आई हवापाण्याचं बोलायची, आणि मग सहज म्हणायची, "नोमिकोस बरा आहे. कालच विचारत होता, थेमेलिनाला मुलगा झाला की मुलगी." मी म्हणायची, "आई, पुरे." पुढे पुढे मी फोन करणंच कमी केलं. दुःखाने डोकं फिरलंय तिचं, असं मी सगळ्यांना सांगायची. मला स्वतःलाही तसंच सांगायची.

*

जहाज आस्प्रोलिमनाच्या बंदरात शिरलं तेव्हा मी वरच्या कठड्याशी उभी होते. डोंगराच्या पोटाला चिकटलेली पिवळी-पांढरी घरं, वर मोडका किल्ला, त्याच्या पायथ्याशी आमचं देऊळ. माझ्या शेजारी एक बाई टोपी सावरत नवऱ्याला म्हणाली, "किती गोड गाव आहे, चित्रातल्यासारखं." मला एकदम रडू आलं. किती वर्षं मी या गावावर रागावून बसले होते, आणि गावाला त्याचा पत्ताही नव्हता.

शिडीशी पहाऱ्याला एक नेपाळी माणूस होता. प्रत्येकाचं कार्ड यंत्राला लावायचा, यंत्र टुंग वाजायचं. "साडेतीनला शिडी उचलतो, मॅडम," तो म्हणाला. "जहाज कुणासाठी थांबत नाही. चुकलं की राहिलात इथेच."

मी येणार म्हणून कळवलं होतं; धक्क्यावर एव्दोकिया उभी होती. काळे कपडे, हातात अक्रोडाच्या पानांची जुडी. मी तिला ओळखलं नाही. तिने मला शंभर पावलांवरून ओळखलं.

"जाड झालीस," ती म्हणाली.

"तू तरी कुठे वाळलीस?"

"माझ्या नवऱ्याची बेकरी होती. मला कारण आहे. तुझ्याकडे काय कारण आहे?"

मग तिने मला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही. पानांची जुडी आमच्या दोघींच्या मध्ये चेपली गेली. अक्रोडाच्या पानाला चेपल्यावर जो कडवट वास येतो तो नाकात गेला, आणि मी सतरा वर्षांची झाले.

आमच्या बेटावर अक्रोडाची चारच झाडं आहेत, चारही देवळाच्या अंगणात. वर्षातून एका दिवसासाठी ती पानं तोडतात. त्याचं असं आहे की ईस्टरला मेलेल्यांना सुट्टी मिळते. पन्नास दिवस ती आपल्या माणसांत येऊन राहतात. त्या दिवसांत आम्ही द्राक्षाचा वेल छाटत नाही, दारात गरम पाणी ओतत नाही. कोण कुठे बसलेलं असेल सांगता येत नाही. पन्नासाव्या रविवारी त्यांना परत जावं लागतं. देवळात सगळे तीनदा गुडघे टेकतात, आणि तिसऱ्या वेळेला मेलेल्यांची नावं वाचतात. तेव्हा डोळ्यांवर अक्रोडाची पानं दाबून धरायची. डोळे उघडायचे नाहीत. जाणाऱ्याची आणि आपली नजर एक झाली तर त्याचा पाय निघत नाही. पापा-साव्वास, आमचे पाद्री, याला बायकांच्या गोष्टी म्हणतात. पण पानं ते स्वतःच तोडून ठेवतात.

वरच्या गावाला जायच्या पायऱ्यांवर मी चार वेळा बसले. एव्दोकिया एकदाही बसली नाही, आणि तिने ते मला मोजून दाखवलं. खाली बंदरात दुकानांतून पर्यटकांसाठी पिवळेधमक स्पंज टांगलेले दिसत होते. स्पंज पिवळा नसतो. समुद्रातून निघतो तेव्हा तो काळा असतो, बुळबुळीत, आणि त्याला जिवंत माशाचा नि कुजक्या पाण्याचा मिळून असा वास असतो की शहरातला माणूस नाक धरून पळेल. मला तो वास आवडायचा. तो नोमिकोस घरी आल्याचा वास होता.

आमच्या घराचं दार एव्दोकियाने ढकललं आणि तोच वास बाहेर आला.

मी उंबऱ्यातच थांबले. भिंतीवर आईच्या ताटल्या ओळीने टांगलेल्या होत्या, निळ्या माशाची मधोमध. टेबलावर मेणकापड तेच. घर चार महिने बंद होतं, बाहेर अंगणात माती तडकली होती, आणि आत दगडी फरशी ओली होती. सगळी नाही. दारापासून टेबलापर्यंत, टेबलापासून माझ्या खोलीच्या खिडकीपर्यंत. पावलाएवढे ओले डाग. खिडकीशी बरेच होते, एकावर एक.

"छप्पर गळत असेल," मी म्हणाले.

"एप्रिलपासून पाऊस नाही," एव्दोकिया म्हणाली. ती आत आली नव्हती.

"मग नळ..."

"थेमेलिना, उगाच बोलू नकोस. तुला माहीत आहे." तिने आवाज खाली आणला. "तुझ्या आईने दर वर्षी डोळे उघडे ठेवले. सगळं गाव पानं दाबून बसायचं आणि ती दाराकडे बघत बसायची. पापा-साव्वास रागावले, मी पाया पडले. ती म्हणायची, बघितलं नाही तर तो जाईल. तो गेला नाही. पन्नास वर्षं इथेच राहिला. काकू होती तोवर घर सोडून कुठे गेला नाही, त्यामुळे गावानेही काही म्हटलं नाही. ताट वाढायची त्याला. आता ती नाही..."

"आता काय?"

"आता शोधतो. दुपारी सगळे झोपले की गल्लीतून फिरतो. एकेका खिडकीखाली शीळ घालतो. दोन आखूड, एक लांब." तिने हातातली पानं छातीशी धरली. "मी सत्तर वर्षांची आहे. सात नातवंडं आहेत. तरी शीळ ऐकली की डोक्यावरचा रुमाल सारखा करते बघ, केस सारखे करते. हात खिटीवर जातो. एक दिवस मी उघडीन, थेमेलिना. मला तेच भय आहे. काकूला शेवटी काय झालं होतं ठाऊक आहे? फुप्फुसात पाणी. डॉक्टर म्हणाले, म्हातारपणी होतं. ती खोकायची त्यात मीठ होतं. मी तोंड पुसलंय तिचं, मला माहीत आहे."

मी आत गेले. देव्हाऱ्याजवळ बिस्किटांचा जुना डबा होता. त्यात आईच्या चिठ्ठ्या असायच्या. आमच्याकडे पाद्र्याकडे दोन चिठ्ठ्या देतात, एक जिवंतांची, एक मेलेल्यांची, आणि तो दोन्ही वाचून प्रार्थना करतो. मेलेल्यांच्या चिठ्ठीत एकच नाव होतं: थेओफिलोस, माझे वडील. जिवंतांच्या चिठ्ठीत आईच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: नोमिकोस, थेमेलिना, एव्दोकिया.

"माझंही नाव आहे?" एव्दोकियाने दारातूनच विचारलं. मी चिठ्ठी तिला दाखवली. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "लिही आता. वेळ नाही आपल्याला."

मी टेबलाशी बसून नवी चिठ्ठी लिहिली. थेओफिलोस. कालोतिना. मग पेन थांबलं. आमच्या भाषेत मी कित्येक वर्षांत काही लिहिलं नव्हतं, आणि लिहायला बसले तर हे. बरोबर जेवायला बसायचो तेव्हा तो माझ्या डाव्या हाताला बसायचा. त्या बाजूची फरशी ओली होती. मी नाव लिहिलं, चिठ्ठीची घडी केली आणि झग्याच्या आत, छातीशी ठेवली. तिथे ती भिजायचं काही कारण नव्हतं.

*

देऊळ भरलेलं होतं. शिरताना मी चिठ्ठी काढून दाराजवळच्या चिठ्ठ्यांच्या टोपलीत टाकली. मेणबत्त्या, धूप, आणि उकडलेल्या गव्हांवर साखर नि डाळिंबाचे दाणे घातलेली ताटं, प्रत्येकात एकेक मेणबत्ती खोचलेली. फरशीवर अक्रोडाची पानं अंथरली होती. लहानपणी त्या पानांवर आम्ही घसरायचो आणि नोमिकोस हसू दाबताना नाकातून आवाज काढायचा. ओळखीचे चेहरे दिसत होते, पण ते माझ्या ओळखीच्या माणसांच्या मुलांचे होते. एका म्हाताऱ्याने माझ्याकडे बघून घाईने छातीवर क्रूसाची खूण केली आणि बायकोला कुजबुजत म्हणाला, "अगदी कालोतिना." मी मनातल्या मनात चिडले. आई चौऱ्याण्णव वर्षांची होती.

पहिल्यांदा गुडघे टेकले. दुसऱ्यांदा टेकले. माझे गुडघे आता तसल्या कामाचे राहिलेले नाहीत. एव्दोकियाने दंडाला धरून खाली बसवलं. तिसऱ्या वेळेला तिने माझ्या हातात पानं कोंबली.

"दाबून धर. काहीही झालं तरी."

मी पानं डोळ्यांवर दाबली. हिरवा काळोख झाला. आजूबाजूला दोनशे माणसं होती, पण कुणी खोकलंही नाही. पापा-साव्वास नावं वाचू लागले. एकामागून एक, संथ. त्या आवाजात मला सगळं गाव परत दिसायला लागलं: दूधवाला नि त्याची गाढवी, आमच्या शाळेतल्या बाई, बंदरावर एक पाय ओढत चालणारे म्हातारे पाणबुडे. माझं गाव जिवंतांत नव्हतंच आता. ते सगळं त्या यादीत होतं. आणि नावं जसजशी पुढे जात होती तसतशी माझ्या गुडघ्यांपाशी फरशी गार होत गेली, आणि पानांवरून कुणीतरी हलकेच चालल्याचा आवाज यायला लागला. एकजण नव्हे. पुष्कळ. सगळे दाराकडे.

"थेओफिलोस," पापा-साव्वास म्हणाले. "कालोतिना."

मग ते थांबले.

"इथे पुढे एक नाव आहे," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, पण कागद पालटल्याचा आवाज आला. "शाई पसरली आहे. कागद भिजलाय. कुणाची चिठ्ठी आहे ही? नाव तोंडाने सांगा."

एव्दोकियाने मला कोपराने ढोसलं.

मी तोंड उघडलं. एक नाव घ्यायचं होतं. चार अक्षरं. ते घेतलं असतं की तो सुटला असता, एव्दोकिया सुटली असती, मीही सुटले असते. त्याच्यासाठीच तर मी त्या पायऱ्या चढले होते.

तेवढ्यात दाराकडून शीळ आली.

दोन आखूड, एक लांब.

शेजारी एव्दोकियाचा श्वास अडकल्याचं मला ऐकू आलं. "नाव घे," ती कुजबुजली. "थेमेलिना... नाव घे..."

पुन्हा शीळ आली. मला माहीत होतं, तो तीनदाच घालतो. तिसऱ्यानंतर निघतो. फटीतून दिसणारी ती सावली तिसऱ्यानंतर हलली होती, कोपऱ्यापर्यंत गेली होती, आणि मी तिथेच उभी होते, हट्टाने, अठरा वर्षांची, मूर्ख.

तिसरी शीळ आली.

मी पानं काढली.

दोनशे माणसं खाली वाकलेली, सगळ्यांचे हात डोळ्यांवर, पापा-साव्वास भिजल्या कागदात डोळे घालून. दारातून ऊन आत आलेलं. त्या उन्हात, चौकटीला खांदा लावून, तो उभा होता. केस ओले, सदरा अंगाला चिकटलेला, बावीस वर्षांचा. तो देवळात इकडेतिकडे बघत होता, गर्दीत कुणाला शोधतात तसं. मग त्याला माझे उघडे डोळे दिसले. एवढ्या सगळ्यांत तेवढेच.

त्याचा चेहरा उजळला. पण ते हसू माझ्यासाठी नव्हतं. मला चिडवतानाचं त्याचं हसू मी ओळखते. हे दुसरं होतं, शाळेतून धावत घरी आल्यावरचं.

त्याचे ओठ हलले. आवाज आला नाही. पण तो काय म्हणाला ते कळायला आवाज लागत नाही.

*

"घेतलंस ना नाव?" बाहेर अंगणात एव्दोकियाने विचारलं. तिचे डोळे पानांच्या रसाने लाल झाले होते. "मला काही ऐकूच आलं नाही. कानात नुसता समुद्र वाजत होता."

"घेतलं," मी म्हणाले.

मी तिच्याशी लहानपणापासून कधी खोटं बोलले नव्हते.

तिने छातीवर क्रूसाची खूण केली. मग म्हणाली, "माझ्या अगदी जवळून गेला. थांबला नाही." तिच्या आवाजात सुटका होती, आणि आणखीही काहीतरी होतं, ज्याच्याकडे मी बघितलं नाही. मग तिने मला घरी नेऊन जेवू घातलं, भरलेली द्राक्षाची पानं आणि बकऱ्याचं मटण, आणि "जहाजावर काय देतात, उकडलेल्या भाज्या?" म्हणून खिजवलं. दुपारी सगळं गाव झडपा लावून झोपलं. आम्ही दोघी अंगणात कॉफी घेऊन बसलो. गल्लीत काही वाजलं नाही. एव्दोकिया कान देऊन होती. तास गेला, दीड तास गेला, आणि ती बसल्या जागी पेंगली. किती दिवसांनी झोपली होती कोण जाणे. मी तिला उठवलं नाही. उरलेली पानं तिच्या मांडीवरून उचलली, पिशवीत टाकली आणि एकटीच पायऱ्या उतरले.

उतरताना मी मागे बघितलं नाही. पण पायऱ्या दगडी आहेत, आणि दगडावर ओलं पाऊल पडलं की चप्प असा आवाज होतो. मी थांबले की तो थांबायचा.

तीन वाजून दहा मिनिटांनी मी शिडीशी पोहोचले. उन्हातून परत येणाऱ्यांना जहाजवाले गार टॉवेल देतात. नेपाळ्याने माझं कार्ड लावलं, टुंग झालं. त्याने मला टॉवेल दिला. मग परातीतून दुसरा टॉवेल उचलून माझ्या खांद्यावरून मागे, जरा उंचावर धरला. हात परत घेतला तेव्हा त्यात टॉवेल नव्हता.

"पोहून आले वाटतं," तो हसून म्हणाला. "मुलगा का, मॅडम?"

यंत्र पुन्हा टुंग वाजलं. कार्ड कुणी लावलं नव्हतं. त्याने यंत्राकडे बघितलं, मग माझ्या मागे, मग माझ्याकडे, आणि हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. "या, पटकन आत या," तो म्हणाला, पण आता खालच्या आवाजात.

*

त्याला वर्ष होत आलं. एव्दोकिया फोन करते. घर कोरडं आहे, वास गेला, गल्ली शांत आहे, ती रात्री नि दुपारी छान झोपते. "तू मला वाचवलंस," म्हणते. सुरुवातीला मला लाज वाटायची. आता वाटत नाही.

इथे स्वयंपाकघरातली फरशी लाकडी आहे, ती फुगायला लागली आहे. लूकास म्हणतो, पाइप फुटला असेल. दोनदा माणूस आणून त्याने भिंत उकरून बघितली. मी दोन ताटं वाढते. जेवताना बोलते, गावाबद्दल, दूधवाल्याच्या गाढवीबद्दल, माझ्याच मूर्खपणाबद्दल. थेमेलिना नावाची एक हट्टी मुलगी होती, तिने झडप उघडली नाही, तिला फार पश्चात्ताप झाला, असं सांगते. तो ऐकतो असं वाटतं. ती कुठे असते आता, असं मात्र त्याने एकदाही विचारलं नाही.

येत्या रविवारी पन्नासावा दिवस. इथल्या आमच्या देवळातही गुडघे टेकतात, पण पानं कुणी आणत नाही. जूनमध्ये मेलबर्नला अक्रोडाच्या झाडावर पान नसतं. माझ्याकडे आहेत. आईच्या त्या डब्यासारखाच एक डबा आहे, त्यात एव्दोकियाच्या मांडीवरची पानं वाळवून ठेवली आहेत. डबा या टेबलावर, दिव्याशेजारी आहे. डोळ्यांवर दाबायची आणि एक नाव घ्यायचं, एवढंच काम. मी रोज झाकण उघडते आणि लावते.

गेल्या महिन्यापासून मला खोकला आहे. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि म्हणाले, फुप्फुसात थोडं पाणी दिसतंय, या वयात होतं. मी त्यांना विचारलं नाही, त्याची चव कशी असते. मला माहीत आहे.

आता हे सांगत असतानाच तो पलीकडच्या खोलीत उठलाय. फरशी वाजली. पडद्यामागे उभा राहून हाक मारतो, रोज याच वेळेला मारतो, नुसतं एकच, "आई..."

आणि मी ओ देते.